प्रॉम्टरचा सूड

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मी मुलांना साहित्य शिकवते. त्यातलं एक प्रकरण मी दरवर्षी फार चवीनं शिकवते: अभिजात साहित्यातला सूड. बाकीच्या तासांना मागच्या बाकांवर मोबाइल चालू असतात, या तासाला ते आपोआप खिशात जातात. राजे, भाऊ, विष, वेषांतर, पानंच्या पानं ताटकळलेला सूड आणि शेवटी एकदाचा तो घाव. मुलं खूश असतात, मीही असते. एकदा खेड्यातून एसटीनं येणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, याले मारायचंच हाय तं हा एवढा टाइम काहून लावते?"

वर्ग हसला. मी तिला पुस्तकी उत्तर दिलं. सूड घेणाऱ्याला नुसतं मारायचं नसतं, मरणाऱ्याला आठवण करून द्यायची असते. कोणी मारलं आणि कशासाठी, हे त्याला कळल्याशिवाय सूड पुरा होत नाही. म्हणून जुन्या नाटकांतला नायक वेळ बघतो, संधी सोडतो, पुन्हा वेळ बघतो. उत्तर बरोबरच होतं. फक्त ते देताना माझ्या डोळ्यांपुढे कुठलं नाटक नव्हतं, आमच्या गावचा एक माणूस होता.

आमचं गाव कारध्याचा पूल ओलांडून पुढे, आत. अर्धं गाव धानाची शेती करणारं, अर्धं कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणारं. आम्ही कोसावाले. बाबांचा माग आता बंद आहे, पण घरात आहे, आणि त्यावर आम्ही वाळलेले कपडे टाकतो. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, दंडार नाचते आणि गावचं नाटक होतं. नाटक गावातलेच लोक करतात आणि बाबा त्याचे प्रॉम्टर.

हे प्रॉम्टरचं प्रकरण बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्याकडच्या नटांना पाठांतर करणं कमीपणाचं वाटतं. पाठांतर शाळेतल्या पोरांनी करावं. नटानं आवाज लावायचा, हात फिरवायचे, पाय आपटायचे. शब्द पुरवायचं काम प्रॉम्टरचं. तो स्टेजच्या पुढच्या कडेला, पेटी-तबल्याच्या शेजारी अंधारात बसतो आणि नटाच्या एक वाक्य पुढे राहून हलक्या आवाजात सगळं नाटक बोलत जातो. नट त्याच्या ओठांकडे बघून तेच वाक्य गर्जून सांगतो. टाळ्या नटाला. प्रॉम्टर चुकला तर मात्र शिव्या दोघांना. लहानपणी मी बाबांच्या मांडीला टेकून तिथं बसायची आणि मोठी झाल्यावर शेजारी बसून पानं उलटून द्यायची. माझी साहित्याची गोडी तिथली आहे, कॉलेजातली नाही.

आणि नायक ठरलेला. धानाची मोठी शेती असलेले, बाबांच्या वयाचे, बाबांचे जिवलग मित्र. तरुणपणापासून ते नायकाचंच काम करत आले, म्हणून गाव त्यांना नायकच म्हणतं. आम्ही पोरं नायककाका म्हणायचो. आवाज असा की माइक नुसता शोभेला. गावातल्या सोयरिकी जुळवण्यात त्यांचा शब्द मोठा. कुणाच्या घरी पाहुणे पोरगी बघायला आले की रीतीप्रमाणे आधी नायककाकांच्या दारात थांबून चौकशी करायचे: घर कसं, माणसं कशी, पोरगी कशी.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एम.ए.ला होते. नागपूरकडचे लोक होते. सुपारी फुटली होती, बाबांनी स्वतःच्या मागावर माझ्यासाठी कोशाचं लुगडं लावलं होतं. मग पाहुण्यांकडची चार माणसं शेवटची चौकशी करायला आली आणि रीतीप्रमाणे काकांच्या दारात थांबली. काकांनी चहा पाजला, माझी तारीफ केली आणि जाता जाता हसून म्हणाले, "पोरगी लय हुशार. पन नाटकवाल्यांत उठते-बसते, बरं का." आठवड्याभरात निरोप आला की मुलाला सध्या लग्न करायचं नाही. काय बोलणं झालं ते आम्हाला त्या चौघांतल्या एकाकडूनच कळलं.

नवरा गेल्याचं मला दुःख झालं नाही. त्या मुलाचा चेहरासुद्धा आज नीट आठवत नाही. पण विहिरीवर, चक्कीवर, बसस्टॉपवर गावातल्या बायका माझ्याकडे ज्या नजरेनं बघायच्या ती नजर आठवते. नाटकवाल्यांत बसते. मी कुणात बसत होते? माझ्या बापाशेजारी.

बाबांनी काकांना जाब विचारला नाही. थोड्याच दिवसांत मंडई आली, आणि बाबा दरवर्षीसारखे पान खाऊन, नाटकाचं बाड काखेत मारून निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "बाबा, आज त्याइले एक वाक्य देऊ नका. एकच. उभे राहू द्या सगळ्या गावासमोर." बाबा म्हणाले, "नाटक गावाचं हाय, त्याचं नाई." आणि गेले. मी घरात बसून भोंग्यातून काकांचा आवाज ऐकत राहिले. त्यातला प्रत्येक शब्द आधी माझ्या बापाच्या तोंडून निघतो आहे, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण ऐकवत नव्हतं ते फक्त मला.

पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं. नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहे, स्वभावानं गरीब, आणि माझ्या रागाची त्याला सवय आहे. "तुझ्या वर्गातले सगळे राजे मेले, एक नायककाकाच काय ते उरले," असं तो म्हणतो. तो म्हणतो ते खरं आहे. झालेलं नुकसान केव्हाच भरून निघालं होतं. आणि खरं सांगायचं तर काकांवरचा रागही वर्षांगणिक विरत गेला होता. विरला नव्हता तो बाबांवरचा. माझ्या बापानं एकदा, फक्त एकदा, चारचौघांत माझी बाजू घ्यावी एवढंच मला हवं होतं. ते मी त्यांच्याकडे पुन्हा कधी मागितलं नाही आणि त्यांनी आपणहून दिलंही नाही. उलट दोघांची दोस्ती तशीच. नवा तांदूळ निघाला की काकांकडून बाबांना पोतं, बाबांकडून काकांच्या नातवाला कोशाचा रुमाल. जुन्या पुस्तकांतले वैरी या बाबतीत फार सुखी. त्यांना एकमेकांच्या घरचा तांदूळ खावा लागत नाही.

परवाच्या दिवाळीआधी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेले तेही काकाच, स्वतःच्या गाडीनं. मी भंडाऱ्यातच राहते, पण मला कळलं दुपारी. डॉक्टरांनी बाबांना वाचायला मनाई केली, काळा चष्मा दिला. मंडई तोंडावर आलेली. त्यातून माइकची परवानगी रात्री दहापर्यंतच मिळणार होती, आणि आमचं नाटक दहाला तर कुठं नांदी संपवतं. म्हणून या वर्षी गावानं ठरवलं की नाटक दिवसा करायचं, दुपारी जेवणं झाल्यावर. राहता राहिला प्रॉम्टर.

काकांनीच फोन केला. "माय, तुह्याशिवाय कोन हाय? तुले सारं येते. बापाची गादी चालव एक दिवस." मी इतक्या पटकन हो म्हटलं की नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी करून माझ्याकडे बघितलं.

नाटक त्यांनी सुडाचंच काढलं होतं, गावातल्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं आणि दर चार-पाच वर्षांनी होणारं. जमीनदार नायकाच्या थोरल्या भावाला भर दारात अपमान करून हाकलतो, भाऊ त्या धक्क्यानं मरतो. धाकटा वेष बदलून जमीनदाराकडेच चाकर म्हणून राहतो आणि शेवटच्या अंकात तलवार उपसतो. जमीनदार गुडघे टेकून हात जोडतो. तेव्हा नायक म्हणतो, "हात जोडू नकोस! आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहा, आणि तू काय केलंस ते आठव!" बस, एवढ्या वाक्यासाठी लोक चार तास बसतात. नायकाचं वय नाटकात पंचवीस. काका सत्तरीला आलेले, पण केस काळे केले की गाव काही बोलत नाही.

मी तयारीला गावी गेले. बाबा खाटेवर, डोळ्यांना काळा चष्मा. मी बाड उघडून वाचायला बसले आणि ते नुसतं ऐकून सांगत होते, इथं घाई कर, इथं त्याले दम लागते, अर्धं अर्धं दे. शेवटच्या त्या वाक्याशी आलो तेव्हा म्हणाले, "इथं एक श्वास थांबत जा. मंगच दे."

"काहून?"

"मी थांबतो."

"पुस्तकात तं काही लिहिलं नाई. कधीपासून थांबता?"

बाबांनी काळा चष्मा चाचपून सारखा केला. मग म्हणाले, "तुहं ते झालं ना, तवापासून. याच नाटकात नाई, दर नाटकात. त्याची मोठी जागा आली का मी एक श्वास देतच नाई. तो माह्याकडं पायते. तो घाबरते, मले दिसते. मंग देतो."

मला समजायला वेळ लागला. हा सूड होता. माझा बाप इतकी वर्षं माझ्यासाठी सूड घेत होता, एका श्वासाचा. मी विचारलं, "अन् त्याइले कळते, काहून थांबता ते?"

"त्याले कायचं कळते. त्याले वाटते मी भाव दाखवायले टाइम देऊन राहिलो. लोकाइले बी तेच वाटते. तिथंच तं टाळ्या पडतात."

मला हसू यायला हवं होतं, पण मी भडकले. म्हटलं, बाबा, तुम्ही त्यांना शिक्षा नाही, बक्षीस देत होता. गावभर ज्या थांबण्याचं कौतुक होतं, ते तुम्ही दिलेलं. हा कसला सूड, ज्याची माहिती फक्त सूड घेणाऱ्यालाच! बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. "मले तेवढंच जमलं," म्हणाले. मी बाड मिटलं आणि तिथंच ठरवलं की आपण एका श्वासावर थांबायचं नाही. ते वाक्य द्यायचंच नाही. काका समजून चुकेपर्यंत गप्प बसायचं.

नाटकाच्या दिवशी ऊन छान होतं. शाळेच्या मैदानावर स्टेज, समोर सतरंज्या, बायका लेकरांसकट पुढं, माणसं मागं उभी. दिवसाच्या नाटकाची एक गंमत असते, काहीच लपत नाही. राजवाड्याच्या पडद्याला पडलेली ठिगळं दिसतात, आणि प्रॉम्टरही दिसतो. मी पेटीवाल्याशेजारी सगळ्यांसमोर बसले होते. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर, काळा चष्मा लावून. माझा नवरा मागं कुठंतरी, चहाच्या दुकानाजवळ. मला वाटलं, आज खरंच सगळं गाव बघतंय की मी कुणात बसते.

काम मला जमलं. एवढं जमेल असं वाटलं नव्हतं. मी बोलायची आणि माझेच शब्द काकांच्या आवाजात वर स्टेजवर गर्जायचे, त्यात एक सुखही होतं, हे मी नाकारत नाही. घामानं त्यांच्या केसांचा काळा रंग कानामागून ओघळायला लागला होता. तिसऱ्या अंकात त्यांना धाप लागली, तर मी बाबांनी सांगितल्यासारखं अर्धं अर्धं वाक्य दिलं. मग शेवटचा प्रवेश आला. जमीनदार गुडघ्यावर, हात जोडलेले. काकांनी तलवार वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मी ओठ मिटले.

एक श्वास गेला. काका थांबले, त्यांना सवय होती. दुसरा गेला. त्यांच्या भुवया वर झाल्या. पेटीवाल्यानं मला कोपरानं ढोसलं. मी सरळ काकांच्या डोळ्यांत बघत बसले, आणि मनात म्हणत होते, आठवा. तलवार हळूहळू खाली यायला लागली. ओठ उघडले, मिटले. डोळ्यांत पाणी आलं. ते भीतीचं पाणी होतं, मला एवढ्या जवळून स्पष्ट दिसत होतं. मैदानावर चिटपाखरू हलेना. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून हुंदका देऊन म्हणाली, "अगा बापा, भावाची आठवण येऊन राहिली त्याले." आणि मागून टाळी पडली. एक पडली, मग सगळ्या मैदानातून पडल्या, शिट्ट्या, मोबाइल वर झाले, माणसं उभी राहिली.

माझ्या गप्प बसण्याचं त्या माणसाच्या हातात सोनं होत होतं. आणि त्यांच्या नजरेत मी शोधत होते ते काहीच नव्हतं. भीती होती, लाज होती, पोरीनं कुठं पान चुकवलं की काय असा घोर होता. ओळख मात्र नव्हती. मी जितकी थांबेन तितके ते मोठे नट होणार होते. शेवटी निव्वळ वैतागून मी वाक्य दिलं. असे गर्जले काका, की जमीनदार झालेला आमचा पोस्टमन खरोखर दचकला.

नाटकानंतर सूर्य मावळायच्या सुमारास तिथंच पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. माझ्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला नवरा. काका रंग अर्धवट पुसून, हात धुऊन आले आणि सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर बसले.

"माय, तू तं बापाच्या बी पुढं गेली! काय थांबवलं मले! पोस्टमन म्हनते, काका, असं काम तुमी आयुष्यात केलं नाई."

पंगत हसली. मी म्हटलं, "मी थांबवलं नाही काका. मी गप्प बसले होते, मुद्दाम. तुमची फजिती व्हावी म्हणून."

"काहून?" ते अजून हसतच होते.

"तुम्ही माझं लग्न मोडलं होतं."

काकांनी घास खाली ठेवला आणि खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "कोनतं लगन?"

ते सोंग नव्हतं. सोंग मला ओळखता येतं, लहानपणापासून मी तेच बघत आले. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "तुहं तं जवाहरनगरले झालं, माय. हे काय जावई बसले. मी होतो ना लग्नात, वाढायले." आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला सगळं सांगता आलं असतं, त्यांचं वाक्य शब्दाशब्दानं पाठ होतं. इतकी वर्षं सूड शिकवणारी बाई मी, आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघेना. ज्यानं आपल्याला दुखवलं त्याला ते आठवतसुद्धा नाही, याची सोय कुठल्याच जुन्या नाटकात केलेली नाही. तिथं आठव म्हटलं की शत्रूला आठवतं. एवढ्या लोकांत आता आपण रडणार हे मला कळलं.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक मोठा आवाज आला. क्षणभर मला कळलंच नाही तो कुणाचा. गावानं बाबांचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. त्यांच्या तोंडी नेहमी दुसऱ्याचे शब्द, तेही हलक्या आवाजात.

"त्याच्या आधीचं!" बाबा म्हणाले. चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते, पण मान काकांकडे वळलेली होती. "सुपारी फुटली होती. नागपूरची मानसं तुह्या दारात चौकशीले आली. तू त्याइले चहा पाजला, अन् हासून म्हनला, पोरगी नाटकवाल्यांत उठते-बसते. माहं लुगडं मागावर अर्धं होतं तवा. ती नाटकवाल्यांत बसत नोहोती. ती माह्यापाशी बसत होती. माह्यापाशी!"

वाढणारे वाढायचे थांबले. मी पदरात तोंड लपवून मोठ्यानं रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. दुःख नव्हतं ते. इतक्या वर्षांनी माझा बाप सगळ्या गावासमोर माझा झाला होता.

मी डोळे पुसून वर बघितलं तेव्हा काकांचं तोंड उघडं होतं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती, की नाही म्हणायचं होतं, कोण जाणे. त्यांना शब्द सापडत नव्हता. आणि शब्द सापडेना की जन्मभर जिकडे बघायचं तिकडेच ते बघत होते, बाबांच्या ओठांकडे.

बाबांनी या वेळी शब्द पुरवला नाही. त्यांनी चाचपून पत्रावळीवरचा भात जवळ ओढला, त्यावर वरण वाढायला सांगितलं, आणि जेवायला लागले.